उजेड अजून थोडा वर

बायकोच्या डोक्याला मार लागला तो तुर्भ्याजवळ. शाळेच्या कुठल्याशा प्रशिक्षणाहून ती रिक्षाने परत येत होती. पुढच्या ट्रकने ब्रेक मारला, रिक्षावाल्यानेही मारला आणि तिचं कपाळ समोरच्या लोखंडी दांड्यावर आदळलं. रक्त नाही, टाके नाहीत. उजव्या भुवईच्या वर लिंबाएवढं टेंगूळ आलं, एवढंच. दुसरी रिक्षा करून ती एकटीच घरी आली आणि मला कंपनीत फोन करून म्हणाली, "काही झालेलं नाही, उगाच धावत येऊ नकोस." मी तळोज्याला एका रंगाच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे. कंपनीच्या बसने सीवूड्सला घरी पोचेपर्यंत तिला दोन उलट्या झाल्या होत्या आणि ती बाथरूमच्या दारात फरशीला गाल लावून पडली होती.

सीटी स्कॅन स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, मेंदू हादरलाय, बाकी काही नाही. आराम करायचा, खोलीत अंधार ठेवायचा, मोबाइल नको, टीव्ही नको, वाचन नको. काही आठवड्यांत फरक पडेल. मला तेव्हा केवढं हायसं वाटलं होतं. येताना मी शहाळी घेतली, जणू ताप येऊन गेलेल्या माणसाला घरी नेत होतो.

आठवडे गेले आणि फरक पडला नाही. उजेड तिला टोचायचा. टोचायचा हा शब्द तिचाच. बेडरूम रस्त्याच्या बाजूला असल्यामुळे गाड्यांचे हॉर्न सोसत नव्हते, म्हणून तिची गादी हॉलमध्ये आणली. हॉलच्या खिडक्यांना जाड चादरी लावल्या. कुकरची शिट्टी सहन होईना, म्हणून भात पातेल्यात शिजवायला लागलो. माझ्या कपड्यांना कारखान्याचा वास येतो, इतकी वर्षं तिने त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती, पण आता मी दारातून थेट न्हाणीघरात जायचो आणि आंघोळ करूनच तिच्याजवळ बसायचो. बसून काय करायचं, हेही कळायचं नाही. अंधारात दोन माणसं. बोललं तर तिचं डोकं दुखतं, नाही बोललं तर ती विचारते, "चिडलास का?"

सगळ्यात वाईट म्हणजे तिच्याकडे पाहून काही कळायचं नाही. टेंगूळ तर पहिल्या पंधरवड्यातच उतरलं. आमच्या समोरच्या घरात एक काकू राहतात, ज्यांच्या वावरांवर आमचा सेक्टर उभा राहिला त्या गावातल्या. मनाने फार मोकळ्या. त्या डबाभर वाकट्या माशांचं कालवण घेऊन आल्या, अंधारात डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलं आणि जाताना मला दाराबाहेर म्हणाल्या, "दिसाला त चांगली हाय रं. मंग उठत कशी नाय?" त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. शाळेतून फोन यायचे त्यांतही हाच प्रश्न असायचा, जरा सभ्य भाषेत.

आमच्या हॉलमध्ये एक फिश टँक होता. तसा लहानच, दीड फुटाचा. तिच्या शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत तो वर्षानुवर्षं कोरडा पडला होता, खडू आणि डस्टर ठेवायच्या कामाचा. शाळेने भंगारात काढल्यावर ती तो मांडीवर घेऊन रिक्षातून घरी आली. तिला माशांपेक्षा पाणवनस्पतींचा नाद होता. एका वाकड्या लाकडाला दोऱ्याने बांधलेला जावा फर्न, दगडावर जाड पानांचं अनुबियास, कोपऱ्यात मॉसचा गुंता, आणि मागच्या बाजूला लाल शेंड्यांची एक नाजूक झुडपी जात, जिचं नाव मला कधी लक्षात राहिलं नाही. त्यांत गप्पी मासे आणि एक गोगलगाय. टँकच्या काठाला चिमट्याने लावलेला पांढऱ्याशुभ्र एलईडीचा दिवा होता. शाळेतून आली की ती आधी तो दिवा लावायची, मग चहा ठेवायची.

अपघातानंतर तो दिवा मी बंद केला तो केलाच. माशांना चिमूटभर दाणे टाकायचो, तेही आठवलं तर. लाल शेंड्यांची झाडं आधी फिकी पडली, मग त्यांची पानं शिजल्यासारखी मऊ होऊन गळायला लागली. पाण्याला कुबट वास येऊ लागला. मला तो येत नव्हता, तिला आला.

"टँक मरतोय," ती एका संध्याकाळी म्हणाली.

"बघतो मी रविवारी."

"रविवारी नको. आज दिवा लाव."

"तुला चालेल?"

"पाच मिनिटं लाव. मला बघायचंय."

मी लावला. अंधाराला सरावलेल्या माझ्याही डोळ्यांवर तो एकदम आला. तिने हाताने डोळे झाकले, बोटांतून बघायचा प्रयत्न केला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मी घाईघाईने बंद केला. त्यानंतर ती संध्याकाळभर बोलली नाही. जेवलीही नाही. मी पातेल्यातला भात तसाच झाकून ठेवला आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिलो. दिवसभर ट्रक भरून पाठवायचे, ड्रायव्हरांशी डोकं लावायचं, आणि घरी येऊन ही अशी शांतता. मी तेव्हा किती थकलो होतो, हे मलाही कळत नव्हतं. फक्त बसलो की उठायची इच्छा व्हायची नाही.

तरी दुसऱ्या दिवसापासून मी त्या दिव्याच्या मागे लागलो. कारण सरळ होतं. तिला पुस्तक बंद, टीव्ही बंद, मोबाइल बंद. माणसांचे चेहरे जवळ आले तरी तिला थकवा यायचा. बघण्यासारखी एकच गोष्ट त्या खोलीत उरली होती, आणि तीही अंधारात होती.

आधी मी दिव्याला बटर पेपर गुंडाळला. एक थर, दोन थर, चार थर. उजेड कमी झाला, पण ती म्हणाली, "अजून थरथरतोय."

मी नीट बघितलं. मला काही थरथरताना दिसेना. "पाणी हलतंय, म्हणून तसं वाटत असेल."

"पाणी नाही. दिवा."

मी वाद घातला नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसाला काहीही वाटू शकतं, असं मी मनाशी धरून चाललो होतो. बटर पेपर काढला आणि माळ्यावरून जुना टेबल लॅम्प काढला. त्यात पूर्वीचा पिवळा, तारेचा बल्ब होता. तो टँकवर वाकवून ठेवला. हा उजेड तिला बराच सोसला. ती उशीवर मान तिरकी करून बघत राहिली आणि म्हणाली, "ती... ती बघ, ती चालतेय काचेवर."

"कोण?"

तिने कपाळाला आठ्या घातल्या. शब्द सापडत नसला की तिचा चेहरा असा व्हायचा. मुलांना मराठी शिकवणारी बाई, पण साधे साधे शब्द तिच्या हातून निसटायचे. चमच्याला ती वाटी म्हणायची, उशीला पिशवी. "घर पाठीवर घेऊन जाते ती," ती शेवटी म्हणाली.

"गोगलगाय."

"हां. गोगलगाय." तिने तो शब्द पुन्हा एकदा हळूच म्हणून बघितला.

याच सुमारास माझी सासू कऱ्हाडकडून आली. मधूनमधून टाकायच्या माझ्या रजा संपत आल्या होत्या आणि दिवसा बायकोजवळ कुणीतरी हवं होतं. सासूबाईंनी आल्या आल्या घराचा ताबा घेतला, त्याबद्दल मी आजही त्यांचा आभारी आहे. पण चादरींनी झाकलेल्या खिडक्या त्यांना पटत नव्हत्या. "अंधारात ठिवलं की माणूस आणखीच आजारी पडतंय," असं त्या रोज एकदा तरी म्हणायच्या. बायको एरवी मला अरे-तुरे करते, आई समोर असली की अहो म्हणते. त्या दिवसांत कधी काय म्हणायचं याचाही तिच्या डोक्यात गोंधळ व्हायचा. एकदा आईलाच अहो म्हणाली. सासूबाई हसल्या आणि मग पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

पिवळ्या बल्बचा प्रयोग फार टिकला नाही. दिवस उकाड्याचे होते आणि तो बल्ब तापायचा. एका दुपारी मी कंपनीत असताना दिवा बराच वेळ चालू राहिला. घरी आलो तर मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडझाप करत होते. पाण्यात बोट घातलं तर आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट. दोन गप्पी तळाशी पडले होते. मी ते चहाच्या गाळणीने काढले आणि बायकोला सांगितलं नाही. तिने मोजले असणार.

मग मी सेक्टरच्या मार्केटमध्ये इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. दुकानदाराला म्हटलं, उजेड कमी-जास्त करता येईल असं काहीतरी द्या, पण तापायला नको.

"साहेब, डिमरवाला एलईडी घ्या ना. रिमोट आहे. पाहिजे तेवढा डाऊन करा."

मला तेच हवं होतं. घरी येऊन मोठ्या उत्साहाने तो बसवला आणि रिमोटने अगदी तळाला नेला. निरांजनाएवढा उजेड राहिला. मला वाटलं, झालं काम. मी स्वयंपाकघरात पोळ्या गरम करायला गेलो, तेवढ्यात सासूबाईंची हाक आली. बायको उठून बसली होती आणि ओकत होती. पोटात काही नव्हतं, नुसते कोरडे उमासे. मी धावत जाऊन दिवा काढला. तिला आडवं केलं. तिच्या मानेखाली माझा हात होता आणि ती थंडीने कापल्यासारखी कापत होती.

सासूबाई घाबरून उभ्या होत्या. ती जरा शांत झाल्यावर त्या मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "जावई, आता बास झालं. त्या माशांपायी पोरीचा जीव घ्याचा हाय काय? द्या ती पेटी कुनाला तरी."

खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्याने मला सुटल्यासारखं झालं. कुणीतरी निर्णय घेतला होता. मला आणखी एक दिवा शोधायचा नव्हता, आणखी एक गोष्ट जिवंत ठेवायची नव्हती.

रविवारी मी समोरच्या काकूंना विचारलं. त्या लगेच तयार झाल्या. "माजे गच्चीवर पिंप हाय, त्यान टाकू. पानी पन हाय, ऊन पन हाय. मासं झ्याक राहतीन." मी दोन बादल्या घेतल्या, पाण्याची नळी टँकमध्ये सोडली आणि पाणी काढायला सुरुवात केली. बायको झोपली आहे असं मला वाटत होतं. सासूबाई देवळात गेल्या होत्या. बादलीत पाणी पडायचा आवाज होत होता, तो कमी करायला मी नळीचं तोंड बादलीच्या तळाला धरून उकिडवा बसलो होतो.

"काय करतोयस?"

"पाणी बदलतोय."

पाणी अर्ध्याच्या खाली गेलं होतं. जावा फर्नची वरची पानं उघडी पडून लाकडाला चिकटली होती.

"इतकं कुणी बदलत नाही," ती म्हणाली. "कुणाला देतोयस?"

"काकूंना. त्यांच्या गच्चीवर पिंप आहे. तिथे चांगले राहतील."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. डोळे मिटूनच, शब्द शोधत शोधत बोलत होती, म्हणून फार वेळ लागला. "तू सकाळी जातोस. आई स्वयंपाक करते, देवाचं करते. मी इथे असते. मी छताकडे बघते. छताला दोन भेगा आहेत, त्या मला पाठ झाल्यात. मला उजेड सोसत नाही हे मला माहीत आहे. पण काही बघितलंच नाही तर मी... मी आहे, हे मला कसं कळणार?"

मी नळी बाहेर काढली. मग उठलो आणि बादलीतलं पाणी तांब्याने परत टँकमध्ये ओतायला लागलो. पाणी गढूळ झालं. मासे त्या गढुळात दिसेनासे झाले. माझी कंबर दुखत होती. तिने विचारलं, "चिडलास का?" मी म्हटलं, "नाही गं. दमलोय." ती म्हणाली, "माहीत आहे." आजारपणाला कित्येक आठवडे झाले होते आणि 'दमलोय' हा शब्द आमच्यात पहिल्यांदा उच्चारला गेला होता.

काकूंना मी जाऊन सांगितलं, राहू द्या, देत नाही. त्यांना राग आला नाही. उलट त्या म्हणाल्या, "मंग बरा झाला. पिंपान तसा पन मच्छर होतान." मग जरा थांबून विचारलं, "जेवलास काय तू?" मी जेवलो नव्हतो. त्यांनी मला तिथेच बसवून तांदळाची भाकरी खायला घातली.

थरथरण्याचा उलगडा झाला तो त्यानंतर, आणि काहीसा योगायोगानेच. डिमरचा दिवा परत करायचा होता. दुकानदाराला दाखवायला मी तो स्वयंपाकघरात लावून मोबाइलवर त्याचा फोटो काढायला गेलो, तर पडद्यावर काळे पट्टे वरून खाली सरकताना दिसले. दिव्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघितलं, स्थिर. मोबाइलमधून बघितलं, पट्टे. उजेड कमी करावा तसे पट्टे जाड होत होते. मी दिवा मंद करत होतो तेव्हा तो दिवा मंद होत नव्हता, भराभर मिटत आणि लागत होता. माझ्या डोळ्यांना ते कळत नव्हतं. तिच्या हादरलेल्या डोक्याला कळत होतं.

मी मोबाइल घेऊन घरभर फिरलो. स्वयंपाकघरातली ट्यूब, पट्टे. चिमट्याचा जुना दिवा, पट्टे, जरा बारीक. पॅसेजमधला स्वस्तातला बल्ब, पट्टे. माळ्यावरचा पिवळा बल्ब, जवळजवळ काही नाही. सेलवर चालणारी टॉर्च, एकदम स्वच्छ. सासूबाई माझ्या मागे मागे येत होत्या. त्यांना मी पट्टे दाखवले. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे निरखून बघितलं.

"म्हंजी हे समदं तिला दिसत हुतं?"

"दिसत नसेल. जाणवत होतं."

पॅसेजमधला बल्ब त्यांनी स्वतः स्टुलावर चढून काढला. मी नको नको म्हणत होतो.

पुढचं काम तसं सोपं होतं. सेलवर चालतं ते थरथरत नाही, म्हणजे अॅडॉप्टरवर चालणारंही थरथरू नये, असा मी अंदाज बांधला. जुन्या इंटरनेटच्या डब्याचा अॅडॉप्टर कपाटात पडून होता. देवघरामागे लावतात ती चिकटपट्टीसारखी एलईडीची पट्टी मिळते, तिचा हातभर तुकडा त्याच दुकानातून आणला, पिवळसर रंगाचा. दुकानदाराने पुन्हा रिमोट काढला. मी म्हटलं, रिमोट नको, काहीच नको, नुसती पट्टी द्या. दुकानातच पट्टी जोडून मोबाइलमधून बघितलं. एकही पट्टा नाही. दुकानदार माझ्याकडे जरा काळजीने बघत होता.

घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं लांबट झाकण होतं. त्याच्या आतल्या बाजूला पट्टी चिकटवली. पाण्याची वाफ लागू नये म्हणून वरून पारदर्शक टेप लावला. वायरला खाली झोळ दिला, म्हणजे चुकून थेंब ओघळलाच तर प्लगकडे जाणार नाही. झाकणाला चार भोकं पाडून सुतळी बांधली आणि ती सुतळी टँकवरच्या पडद्याच्या दांडीवरून खाली सोडून खिडकीच्या कडीला गुंडाळली. ओढलं की झाकण वर, सोडलं की खाली. दिसायला फारच गबाळं होतं. सासूबाई म्हणाल्या, पाळणा टांगल्यागत दिसतंय.

संध्याकाळी बायकोला विचारलं, "लावू?"

"लाव. पण हात तिथेच ठेव."

मी लावला. ती डोळे मिटून पडली होती. आधी पापण्यांवर उजेड घेतला, मग एक डोळा किलकिला केला.

"वर," ती म्हणाली.

मी सुतळी ओढली. झाकण वीतभर वर गेलं.

"अजून थोडा वर."

दिवा जवळजवळ दांडीला टेकला. टँकमध्ये आता जेमतेम उजेड पोचत होता. झाडं गडद हिरवी, जवळजवळ काळी दिसत होती आणि त्यांतून मासे फिरले की शेपट्यांचा रंग क्षणभर उमटायचा.

"थरथरतोय?"

"नाही," ती म्हणाली. आणि मग बऱ्याच वेळाने, "तू खाली बस ना. उभा का आहेस?"

मी गादीच्या कडेला बसलो. आम्ही दोघं टँककडे बघत होतो. मला डुलकी लागली असावी, कारण सासूबाईंनी जेवायला उठवलं तेव्हा माझी मान भिंतीला टेकली होती आणि बायको अजून बघत होती.

त्यापुढचे महिने मी मुद्दाम काही सोपे करून सांगणार नाही. तिला बरं वाटायचं आणि पुन्हा बिघडायचं. एक चांगला दिवस आला की मी सुट्टीसारखा आनंदी व्हायचो, आणि पुढचे चार दिवस ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून. डॉक्टर म्हणायचे, असंच होतं, धीर धरा. धीर काही माझ्याकडे साठवलेला नव्हता. एकदा कंपनीत मी एका ड्रायव्हरवर एवढा ओरडलो की सगळं गोदाम थांबल्यासारखं झालं, लोडिंगवाले हातातले डबे तसेच धरून बघत राहिले. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून पाणी दिलं आणि घरी पाठवलं. घरी लवकर कसा, असं बायकोने विचारलं तेव्हा मी म्हटलं, माल नव्हता आज.

पण दिवा हळूहळू खाली येत गेला. कुठल्या दिवशी किती, ते मी पाहिलं नाही. ती पडल्या पडल्या सांगायची आणि मी कडीचा एक वेढा सोडायचो. कधी पुन्हा वर घ्यावा लागायचा. लाल शेंड्यांची झाडं त्या उजेडात जगणार नव्हतीच, ती मी उपटून टाकली. दोन जातींनी मात्र आम्हाला चकित केलं. मॉस दाट झालं, दगडावरून खाली ओघळलं. आणि जावा फर्नच्या जुन्या पानांवर काळे ठिपके आले, ते मला रोग वाटले, मी ती पानं कापायला निघालो होतो.

"थांब," ती म्हणाली. "ती बाळं आहेत."

तिला आठवत होतं. थोड्याच दिवसांत त्या ठिपक्यांतून बारीक केसांसारखी मुळं आणि नखाएवढी पानं फुटली. कमी उजेडाची झाडं अशीच सावकाश वाढतात, घाई केली तर उलट शेवाळं माजतं, असं तिने मला समजावून सांगितलं. एकही शब्द न अडखळता, वर्गात सांगावं तसं. सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं आणि ती माझ्याकडे बघायला लागली.

सासूबाई पावसाळ्याच्या आधी गावी परतल्या. मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेलो. चढताना त्या म्हणाल्या, "पोरीकडं बघताय ते दिसतंय मला. पर तुमी बी जरा झोपत जावा." आणि बस सुटेपर्यंत खिडकीतून माझ्याकडे बघत राहिल्या.

शाळेत ती दुसऱ्या सत्रात गेली, अर्ध्या दिवसासाठी, काळा चष्मा लावून. पहिल्या दिवशी परत आली ती चपलाही न काढता गादीवर पडली. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा पहिल्यापासून. पण तासाभराने उठून बसली, चहा मागितला आणि म्हणाली, "पोरं किती ओरडतात रे." शाळेने तिला वर्गाची जबाबदारी दिली नाही, लहान गटांना वाचन शिकवायचं काम दिलं. ते तिला आधी कमीपणाचं वाटलं. अजूनही कधी कधी वाटतं. पूर्वीसारखी ती झालेली नाही. मॉलमध्ये जाता येत नाही, लग्नाच्या हॉलमध्ये तर नाहीच. हवा बदलली की डोकं धरून बसते. पत्र्याच्या झाकणाचा दिवा अजून तसाच टांगलेला आहे. पाहुणे विचारतात, चांगला रेडीमेड का घेत नाही. आम्ही बघू म्हणतो.

तिचं थोडंफार रुळावर आलं आणि मी आजारी पडलो. ताप नाही, काही नाही, नुसता उठवेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. बायको म्हणाली, "तुला काही झालेलं नाही. तू दमलायस, एवढंच. रजा टाक." मी आठवडाभर घरी होतो. ती शाळेत जायची आणि मी झोपायचो. जाग आली की वरणभात खायचा आणि पुन्हा झोपायचं. तो थकवा पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. कंपनीच्या बसमध्ये अजून कुणी बोलायला लागलं की मी डोळे मिटून घेतो.

परवा बस खारघरच्या पुलावर अडकली होती. तिचा फोन आला. ती बाजारात उभी होती, मागून भाजीवाल्यांचा गलका ऐकू येत होता. मी एकदम सावध झालो, म्हटलं, "काय झालं? डोकं दुखतंय का?"

"नाही रे. पालक घेऊ का मेथी, ते विचारायला केला."

मी म्हटलं, मेथी. ती म्हणाली, मेथी निवडायला तुलाच बसावं लागेल. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.